तिसावा दिवस

माझं काम फोन करण्याचं.
ऑपरेशनला तीस दिवस झाले की
बांबोळीच्या ह्या खोलीतून, एसीखाली बादली ठेवलेल्या,
मी नंबर फिरवते आणि विचारते,
पेशंट कसा आहे?

फॉर्मवर शेवटी तीन चौकोन.
जिवंत. मृत. संपर्क झाला नाही.
वरचं सगळं आधीच भरलेलं:
मार लागल्याची वेळ, कॅज्युअल्टीत पोचल्याची,
टेबलावर घेतल्याची, रक्ताच्या पिशव्या किती,
पोट पुन्हा उघडावं लागलं का.
डॉक्टर सिमॉईश म्हणतात,
आपण कसं कापतो ते वॉर्डात कळत नाही,
वॉर्डातून सगळे हात जोडूनच जातात.
घरी गेल्यावर विचारायचं.

म्हणून मी विचारते,
आणि पलीकडून येतं: तो ना.

मी बेळगावची, लग्न होऊन इकडं आले.
आमच्याकडं 'नाही'ला शेपूट असतं,
घरी नाही, ओळखत नाही, राहिला नाही.
इथं एवढंसं ना,
बाजाराला गेलेल्यालाही पुरतं
आणि गेलेल्यालाही.
आवाज खाली उतरला तर समजायचं म्हणतात,
पण खोल्याच्या डोंगरामागं
नेटवर्क सगळ्यांचाच आवाज खाली नेतं.

कुष्टा वेळीप, एकावन्न, पाडेली.
माडावरून पडला, प्लीहा काढली.
तो ना, सून म्हणाली.
मी पेन मधल्या चौकोनावर टेकवलं.
उचललं.
ना म्हणजे?
'ना म्हळ्यार माडार गेला मगो.'
तिसाव्या दिवशी!
मी ओरडलेच, सहा महिने चढायचं नाही
असं बजावलं होतं ना तुम्हांला?
आम्हांला बजावलंत, ती म्हणाली,
नारळांना कुठं बजावलं?
'कामावर परतला का' ह्याच्यापुढं मी हो लिहिलं.
आमच्या तक्त्यात हा उत्तम निकाल आहे.

जुझे आंतोन, अडतीस, चोडण.
मार लागला सात दहाला, पोचला आठ पन्नासला.
मधल्या शंभर मिनिटांना फॉर्मवर जागा नाही.
त्याच्या भावानं सांगितलं म्हणून कळलं,
ॲम्ब्युलन्स धक्क्यावर हॉर्न वाजवत उभी
आणि बोट रायबंदरला, स्कूटर भरून घेत.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
फेरीबोट पलीकडे होती.

मीटिंगमध्ये सिमॉईशनी कागद वर धरला.
ही पेन्सिल कुणाची?
माझी, म्हटलं. खोडते.
खोडू नका.
मग गेल्या तीन वर्षांच्या फायली उपसल्या,
झुरळांसकट,
नदीपलीकडचे नऊ निघाले.
टाका एकाचाही चुकला नव्हता.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत,
मग म्हणाल्या, रकाना वाढवू या,
आणि त्याला नाव काय द्यावं ह्यावर
चहा गार होईपर्यंत वाद झाला.

आज जुझेचा तिसावा.
वॉर्डाच्या वहीत: घरी सोडला, प्रकृती ठीक.
सकाळी साडेसातला लावला, लोक घरी असतात तेव्हा.
बायकोनं उचलला.
तो ना.
आवाज खालीही नव्हता, वरही नव्हता.
ना म्हणजे, असं मी विचारणारच होते
इतक्यात दारात पदेराचा भोंगा वाजला, पों पों.
तिनं फोन ठेवला नाही.
'एकूच उंडो,' ती त्याला म्हणाली.
'दोन न्हय?' पदेरानं विचारलं.

टोपलीवरचं प्लॅस्टिक सरकल्याचा आवाज आला.
सुट्टे पैसे.
सायकल चढावर लागल्याचा.
मी लाईनवर थांबले, तीही थांबली.

मधल्या चौकोनात खूण केली.
आणि बाजूला, पेन्सिलीनं,
एक उंडो.