सदतीस ठिणग्या

हळदोण्यात पोचलो तेव्हा गाडी अंगणात नव्हती.
भाताच्या जुन्या कोठारात होती, चादरीखाली,
तोंड दाराकडे, शेपूट भिंतीला टेकवून.
एव्हारिस्तो फुर्तादो म्हणाले, मेस्त, चादर हळू ओढ,
टपावर मांजर व्यालंय.

पिलं टोपलीत ठेवली. मग पोर्शे.
वीस वर्षांची, रंग भरतीच्या खाडीचा.

मी आधी रंगाची जाडी मोजतो.
पत्रा बोलायला लागला की मालक कमी बोलतो.
दार एकशे वीस मायक्रॉन, टप एकशे अठरा,
डावं मडगार्ड
तीनशे दहा.
मी वर बघितलं.
‘नारळ,’ म्हणाले. ‘शेजारच्या मिनेझिसचा माड.
म्हापशाच्या कोर्टात केस आहे, अकरा वर्षं.’
मी लिहिलं : नारळ.

चटईखाली वाळू. फिल्टरमध्ये लाल माती
आणि उंदरानं फोडलेली काजूची टरफलं.
टायरची नक्षी शाबूत, पण रबर म्हातारं,
कोपरासारखं भेगाळलेलं.
स्क्रूंच्या डोक्यांवर गंज :
समुद्र इथून लांब आहे, तरी आलाय,
रोज थोडा थोडा, भिशी भरल्यासारखा.

इंजिन मागे. सहा सिलिंडर, आडवे,
तीन तीन समोरासमोर, पंगतीला बसल्यासारखे.
प्लग काढून नळीचा कॅमेरा आत सोडला.
ओरखडा असलाच तर सहाव्याच्या भिंतीवर.
नव्हता.
मला आनंद झाला, आणि त्याचा रागही आला :
पैसे पुण्याचे खांबेटे देतायत,
आणि त्यांचा फोन दोनदा येऊन गेलाय,
किती पाडता येईल?

‘साठच्या वर कधी नेली नाही,’ फुर्तादो म्हणाले.
मी विचारलं नव्हतं.
‘रविवारी इगर्जीत, तिथून पोंबुर्प्याची झर, की परत.
अर्धा तास. बास.’

शेवटी लॅपटॉप जोडला.
या गाड्या विसरत नाहीत. कुणी इंजिनाला
त्याच्या ताकदीपलीकडे फिरवलं,
तर किती ठिणग्या उडाल्या ते मोजून ठेवतात,
आणि इंजिनाच्या कितव्या तासाला, तेही.
सगळे कप्पे शून्य. पाचव्यात सदतीस.
आठ हजार सहाशे फेरे. हे अॅक्सिलरेटरनं होत नाही,
भरवेगात चुकीचा गिअर पडावा लागतो.
तास : एक हजार एकशे एकतीस.
आज घड्याळ एक हजार एकशे चाळीसवर.

नऊ तास मागे, मी म्हटलं. कुणाला दिली होती?

ते बोटं मोजायला लागले. दर रविवारी अर्धा.
अठरा रविवार. म्हणजे ऑक्टोबर.
मग मोजणं थांबलं, बोटं तशीच उघडी राहिली.

‘पणजीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं,
रात्री चालवायची नाही यापुढं.
त्याच रात्री काढली. पत्रादेवीपर्यंत रस्ता मोकळा होता.
पाचव्यातून चौथा टाकायला गेलो,
दुसरा पडला.’
कोठारात पिलं चिरकत होती.
‘ती ओरडली, मेस्त. मी पण ओरडलो.’

सदतीस म्हणजे किती वेळ? त्यांनी विचारलं.
मी डोळे मिटून उघडले.
याच्या निम्मा.
‘हं,’ म्हणाले, आणि स्वतः मिटून पाहिले,
जरा जास्तच वेळ.

मी पेन उचललं नव्हतं. त्यांनीच कागद पुढं सरकवला.
लिही. किंमत पडू दे.
पोरं विचारतील तेव्हा मी कबूल करणार नाही,
पण कागदावर असू दे कुठंतरी.

लिहिलं. नारळाच्या खाली.
अक्षर जरा मोठं आलं.

निघताना त्यांनी मडगार्डवर हात ठेवला,
बरोबर तीनशे दहाच्या जागी,
आणि मिनेझिसच्या माडाकडे बघत
एक शिवी दिली, पोर्तुगीजमध्ये,
फार प्रेमानं.

खांबेट्यांचा फोन पुन्हा वाजला, खोर्जुवेच्या पुलावर.
म्हटलं, चार लाख कमी सांगा.
गाडी चांगली आहे?
पुलाखालून ओहोटीचं पाणी चाललं होतं.
चाललेली आहे, मी म्हणालो.