मॅचिंग

पहाटे पानाची खालची बाजू
अजून गार असते, आणि पांढरी माशी
उडायचं विसरलेली.
मोजायची वेळ हीच.
वेणूताई नन्नावरे पान दोन बोटांत धरून उलटते,
निजल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसं.
"अकरा. लिही. ह्याच्यावर चार.
ह्याच्यावर काहीच नाही बाप्पा."

नांदच्या शिवारात मिरचीच्या बारा ओळी.
काहींवर आम्ही निरोप फवारलाय.
आरएनए म्हणतात त्याला, मी सांगतो,
फक्त दुहेरी पिळाचा.
पेशीला सवय एकेरी निरोपाची;
दुहेरी आला की तिला संशय येतो,
कातर काढते, तुकडे करते,
आणि एक तुकडा हाताशी ठेवून
हिंडते, जुळणारी अक्षरं कुठे सापडतात का.
सापडली की तीही कातरते.
माशीनं आणून सोडलेला बोकड्याचा विषाणू
मग स्वतःचं नावसुद्धा पुरतं लिहू शकत नाही.

"मंग हे तं ब्लाउजपीस झालं," ती म्हणते.
"साडीच्या काठाचा दोरा घेऊन
मी भिवापूरले जातो, मॅचिंगच्या दुकानात.
सतरा लाल काढून दाखवते थो पोरगा.
एकच जुळते.
बाकीच्याले हातबी लावत नाही मी."

बाकीच्याले हातबी लावत नाही:
माझ्या प्रबंधात हे वाक्य दीड पानांचं आहे.

"अन् पाणी आलं तं?"
धुऊन जातो.
"ऊन?"
तेही खातं त्याला. मातीच्या बारीक पापुद्र्यांत
गुंडाळून धरतो आम्ही, तरी दिवस मोजकेच.
ती मान हलवते. निरोपांचं तिला नवल नाही.

कुठल्या ओळीवर निरोप, कुठल्यावर नुसतं पाणी,
तिला ठाऊक नाही, मलाही नाही;
ते पाकीट नागपुरात, कपाटात बंद.
"काहून? पाण्यावाल्या झाडाईनं
काय बिघडवलं होतं तुमचं?"

चाळिसाव्या दिवशी तिनं
धुऱ्यावरच्या एका आजारी झाडाचं पान तोडलं,
वाटीसारखं वळलेलं, शिरा फुगलेल्या,
पदराच्या टोकाला बांधलं
आणि ओळीओळीनं निघाली.
पहिलीत थांबली नाही. चौथीत जरा रेंगाळली.
सातवीपाशी वाकली,
गाठ सोडली,
पान पानाशेजारी धरलं.

मी पेन उघडून उभा.
ती आकडा सांगत नव्हती,
झाडाच्या बुडाशी माती ओढत होती.