हेडलाइटचा आकडा

आडनाव झोपे, आणि पस्तीस वर्षं रात्री जागून काढलेली.
भुसावळात हा विनोद त्यांच्या पुढे चालतो.
माझ्या दुकानातही आधी तोच शिरला,
मागून ते, बुटाच्या खोक्यात
वीतभर डिझेल इंजिन घेऊन.

मे महिना. सोल्डर आपसूक वितळेल असं ऊन,
कूलर कोरडा, नळाला पाणी आठव्या दिवशी.
पोरानं परदेशातून धाडलेलं इंजिन,
त्यावर इस्माईल पेंटरनं
तीन केसांच्या ब्रशनं आपला नंबर घातलेला.
मी रुळाचा हातभर तुकडा टेबलावर मांडला,
दोन वायरी जोडल्या, एफ-शून्य दाबलं.

"हे त ट्यूबलाइट व्हय, माय."

होतीच. निळसर पांढरी, दवाखान्याच्या पॅसेजमधली.
पण त्याआधी त्यांचं बोट केबिनवर गेलं.
तिथं एक दिवा जळत होता, तिळाएवढा,
त्याखाली प्लास्टिकचा ड्रायव्हर.
"रातच्याले आत दिवा लावून कोनी गाडी चालवतं का?
काच मंग आपलंच तोंड दाखोते."
मी तो बंद केला.
माणूस अंधारात गेला
आणि पहिल्यांदा खरा वाटला.

मग हेडलाइट.
डीकोडरला शब्द कळत नाहीत.
शून्य ते दोनशे पंचावन्न, यातलं काय ते सांगा म्हणतो.
रंग तर आकड्यानंही बदलत नाही,
म्हणून संत्र्याच्या गोळीचा चकचकीत कागद
नखाएवढा कापून एलईडीवर बसवला.

दीडशे.
"लई."
ऐंशी.
"अजून उतरव."
बावन्न.
ते गप्प.
मग तळहातानं डावा डोळा झाकला: "पांढराच हाय."
उजवा झाकला,
आणि बराच वेळ हात काढलाच नाही.
"हां. हा."

उजव्याचा मोतीबिंदू फेब्रुवारीत काढलाय, जळगावला.
डाव्याचा मंगळवारी.

आता दिवा कुठल्या डोळ्याला जुळवायचा?
ज्याला आज नीट दिसतं त्याला,
की ज्याच्यात अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा
अजून ओळीनं उभे आहेत,
धुळीसकट, जुन्या बल्बच्या उजेडात?
"रूळ पिवळेच दिसायचे," ते म्हणाले.
जरा वेळानं, खोक्याकडे बघत,
"का ते पिवळं माह्या डोळ्यातच व्हतं तवापासून?"

मी दुसऱ्या कामाला लागले.
दिवा झटक्यात पेटत होता, ते मोडलं.
आता तो आधी तांबूस होतो, झोपेतून उठल्यासारखा,
मग उघडतो.
एफ-चारवर वेगळा आकडा बसवला, वीस.
समोरून गाडी आली की दाबायचा.

हे मात्र त्यांनी चार वेळा दाबून पाहिलं.
समोरच्याचं तोंड कधीच दिसायचं नाही, म्हणाले.
लांबून त्याचा दिवा खाली जायचा, आपला आपण खाली करायचा,
तेवढीच भेट. मग नुसता वारा आणि डबे.
असे किती जण असतील.
एक त कायम उशिरा खाली करायचा.
कोन व्हता कोन जाने.

निघताना डोळ्याच्या थेंबांच्या चिठ्ठीमागं
माझ्याकडून आकडा लिहून घेतला.
"बावन्न. बुधवारी मी येऊन म्हनलो, लई पिवळा हाय,
त आयकू नको माहं."

हो म्हटलं.
सीव्ही आठमध्ये आठ टाकलं
की कारखान्यातून आला तसा होतो तो,
पांढरा, दोनशे पंचावन्न, केबिनमध्ये दिवा.
आपण शिकवलेलं सगळं एका सेकंदात जातं.
हे त्यांना सांगितलं नाही.