कॅमेऱ्यावर टिकली

मे महिना. मानेवाड्यात दुपारी दोनला
कुत्रंसुद्धा सावली बदलत नाही.
मी कूलरसमोर बसून
पुण्यातल्या कंपनीचं काम करते.
हवा माझी, वीज माझी,
खुर्चीही सक्करदऱ्याहून मीच आणलेली,
फक्त पडदा त्यांचा.

त्या पडद्याआड कोणीतरी मोजतं
दर दहा मिनिटांत मी किती कळा दाबल्या.
विचार करायला थांबले की मी गैरहजर.
हिंगण्याचा ढाकुलकर हुशार निघाला:
टेबल फॅनच्या मानेला माऊस बांधतो
आणि निवांत वरणभात जेवतो.
मागच्या तिमाहीत शाबासकी त्यालाच मिळाली.

मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली लावली.
मरून रंगाची,
बर्डीवर दहा रुपयांना पाकीट मिळतं त्यातली.
भाऊजी हसले.
"आपण कोण लागून गेलो?
आपल्याले काय लपवाचं आहे?"
तेवढ्यात त्यांना बँकेचा फोन आला
आणि ते उठून गच्चीवर गेले,
पंचेचाळीस डिग्रीत,
अनवाणी.

खिडकीला वाळ्याची ताटी बांधतो आपण
ती काय चोरी झाकायला?
झुळूक यावी, नजर येऊ नये.
एवढंच.

कपाटात जुना लॅपटॉप होता, दोन हजार बाराचा.
बनवणाऱ्यांनी कळवलं होतं,
यापुढे या यंत्राची जबाबदारी आमची नाही.
त्याच आठवड्यात मलाही एक मेल आला,
जरा जास्त गोड भाषेत.
वय एकेचाळीस. सोळा वर्षांचा कोड,
त्यातला निम्मा आता कुठे चालतो
मलाच माहीत नाही.

त्यावर लिनक्स टाकलं. फुकट होतं म्हणून,
खोटं कशाला बोलू,
तत्त्वं नंतर सुचली.
तीन रात्री वायफाय लागलं नाही.
मग कुण्या परक्या माणसानं
कधीकाळी लिहून ठेवलेल्या दोन ओळी सापडल्या,
आणि पहाटे चारला पंखा घरघरला.
त्यानं नाव विचारलं.
मी "तर्री" सांगितलं.
त्याला चाललं.
फोन नंबर नाही, जन्मतारीख नाही,
काळी पाटी
आणि एक लुकलुकती रेघ.

कूलरची मोटर जळली तेव्हा गजभियेभाऊ आले,
मागे पाना धरून त्यांची श्रावस्ती,
बारावीचा पेपर संपवून मोकळी.
"ताई, हिले कम्प्युटर शिकाचं आहे.
पण लोक म्हणून राह्यले, कोड आता मशीनच लिहिते.
नोकरी राहीन काय?"

मला हो म्हणता येईना.
नाही म्हणायला मी कोण?
म्हटलं, मोटर का जळली हे ज्याला कळतं
त्याला बोलावतातच ना लोक.
भाऊ तार सोलत म्हणाले,
"चारच महिने बोलावते, ताई."

मग मी तो जुना लॅपटॉप काढला.
श्रावस्तीनं पाटीवर आपलं नाव टाइप केलं.
असा हुकूम नाही, असं उत्तर आलं.
"हे तं उलटं बोलते," ती हसली.
पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.
मग वरच्या टिकलीवर बोट ठेवून
हळूच विचारलं,
"हे कोणी पाहून राह्यलं काय?"
नाही.
"कोणीच नाही?"
सतरा वर्षांत, दोन खोल्यांत पाच माणसांत,
हे तिला कोणी सांगितलं नसावं.
लॅपटॉप तिनं ओढणीत गुंडाळून नेला.

आठ दिवसांनी भाऊ पंप बदलायला आले.
"काय देलं बाप्पा तुम्ही तिले?
रातभर करून राह्यते काहीतरी.
जवळ गेलो का स्क्रीन फिरवते.
बापाले दाखवत नाही."
तक्रार होती, की दुसरंच काही,
त्यांचं तोंड कूलरच्या आत होतं.

जाताना जिन्यात थांबले.
"टिकली पडली म्हणे. दुसरी मांगतली."

मी अख्खं पाकीट दिलं.