कामकाजातून वगळलेली गाय

सभागृहात मी खाली बसते, सभापतींच्या पायांपाशी.
एकवीस वर्षं लघुलिपी.
चेहऱ्यांपेक्षा बूटच मला जास्त ओळखू येतात.

आज सकाळपासून येरेवानमध्ये विषय एकच :
पश्चिमेच्या शेजाऱ्याशी पुन्हा बोलायचं का.
वकिलात उघडायची का, आगगाडी सोडायची का,
की दार राहू द्यायचं असंच, कडी गंजून गळेपर्यंत.

काळे बूट म्हणाले, आधी त्यांनी मान्य करावं.
तपकिरी बूट म्हणाले, मान्य करायला आधी समोर बसावं लागतं.
उंच टाचा म्हणाल्या,
माझ्या पणजोबांच्या विहिरीचं पाणी आता कोण पितं, विचारा त्यांना,
पोहऱ्याला अजून
आणि तिथंच राहिलं वाक्य.
मी लिहिलं : (थांबतात).
मला तेवढंच लिहायची मुभा आहे.
(टाळ्या), (गोंधळ), (हशा), (थांबतात).
रडण्याला नियमावलीत कंस नाही.

मग जर्दाळूंचे भाव निघाले,
जॉर्जियातून पडणारा वळसा,
एका ट्रकमागे किती डिझेल.
आकडे मी जपून घेतले.

जेवणानंतर निम्मं सभागृह पेंगत असताना
वराझ्दात तोनाकान्यान उठले, नदीकाठच्या मतदारसंघाचे.
बुटांना चिखल, आणि त्याची लाज नाही.
म्हणाले, आमची गाय पलीकडे गेली होती.

(हशा).

अखुर्यान तिथं उथळ आहे, ती चरत चरत गेली.
पहारा रशियन शिपायांचा, त्यांनी अर्ज मागितला तीन प्रतींत :
रंग, वय, नाव.
नाव लिहिलं मराल. म्हणजे हरिणी.
हा शब्द पलीकडेही चालतो, त्यामुळे तेवढा भाषांतराचा खर्च वाचला.

(हशा).

तिसऱ्या दिवशी परत आली. गळ्यात दावं नवं.
आणि धार काढलेली होती.

इथे सगळे जागे झाले.
चोरी, म्हणाले काळे बूट, दूध आपलं होतं.
ठणका तिचा होता, म्हणाले तपकिरी,
तीन दिवस तुंबली असती तर कासेचा दगड झाला असता.
कुणी सार्वभौमत्व म्हणालं, कुणी सड.
(गोंधळ). (गोंधळ). घंटा.
तोनाकान्यान वाट बघत उभे होते,
गोठ्यात उभं राहावं तसे.

मी एवढंच सांगतो, सभापती महोदय,
मराल गार हाताला लाथ मारते.
म्हणजे तिकडे कुणीतरी पहाटे उठून
आधी आपले तळवे चोळले असणार.
दुधाचं जाऊ द्या.
सेर मात्र तिकडेच राहिली.

बसले.

संध्याकाळी संपादन-कक्षातून शोघेरचा फोन :
अगं, सेर म्हणजे काय धरू?
आमच्या भाषेत सायीला सेर म्हणतात, प्रेमालाही सेरच.
लघुलिपीत दोन्हीला एकच आकडी, वर एक टिंब.
अडलं तर वाक्यावरून ठरवा, असं शिकवलं होतं आम्हाला.
मी वाक्य पुन्हा वाचलं.
मग मोठ्यानं वाचलं.
वाक्य काही सांगेना.

थांब, मीच म्हणाले, वरून चिठ्ठी आली आहे :
निर्णय पुढच्या अधिवेशनात.
गायीचा मजकूर विषयाशी संबंधित नाही, सबब वगळावा.
शोघेर सुटली. मीही, खरं तर.

टिपणवह्या सात वर्षं ठेवतात, मग जाळतात.

जिन्यात तोनाकान्यान भेटले होते. विचारता आलं असतं.
मी सवयीनं खालीच बघितलं,
चिखल वाळून सुटत होता त्यांच्या टाचांचा.

घरी दूध तापवून ठेवलं.
सेर जाड यायची तर हलवू नये, आई म्हणायची,
निवू द्यावं आपापलं.
मला मात्र राहवेना,
दर थोड्या वेळानं झाकण काढून बघत होते.