उसना

रात्री खराट्याच्या काड्या मोजल्या. बेचाळीस.
दहा-दहाचे चार गठ्ठे, दोन सुट्या.
रबर भावाने आणले, तो कामाला असतो त्या मेडिकलमधून.
सकाळी अंगण झाडताना आई म्हणाली,
तुझं डी.एड. होईस्तोवर
माझ्या हातात नुसती मूठ राहील.

टाचणवहीत लाल शाईने रकाने आखले होते:
शिक्षक कृती. विद्यार्थी कृती. अपेक्षित उत्तर.
सगळी उत्तरं मीच लिहिली.
पस्तीस मिनिटांचं बोलणं,
पस्तीस मुलांच्या वतीने,
त्यातल्या एकालाही न भेटता.

सीबीएसवरून गिरणारेची सव्वासातची गाडी.
मांडीवर गुंडाळी फळा.
शेजारी सुवर्णा गांगुर्डे, तिचा परिसर अभ्यास,
डब्यात ओल्या मातीत मोड आलेले वाल.
दर गतिरोधकाला ती म्हणते, गेलं गं, मोडलं.
गंगापूर गाव मागे पडलं की थंडी झोंबते.
मी मनात म्हणून पाहिलं,
मुलांनो, आज आपण काय शिकणार आहोत?
काचेत ओठ हलताना दिसले.
अंबडच्या कंपनीत तीन वर्षं मी खोकी मोजली,
चूक झाली तर पगारातून जायची.
इथली कशातून जाईल, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

शेवटच्या बाकावर सोनजे मॅडम,
बाक बुटका, गुडघे वर, गुडघ्यांवर निरीक्षण तक्ता.
फळ्यावर वार, दिनांक, पट, हजर.
हात थरथरला
ते फक्त मंगळवारच्या ळ ला कळलं.

दोनातून सात जातील का?
नाही बाईऽऽ, एका सुरात, वहीत होतं तसंच.
मग शेजारच्या दशकाकडून एक उसना घेऊ.
रबर काढला. दहा काड्या टेबलावर पसरल्या,
एक खाली घरंगळली,
तिच्यासाठी तिघं वाकले.

तनिष्का बेंडकोळी हात वर न करताच उभी राहिली.
"बाई, मग परत कधी द्यायचा?"
काय गं?
"उसना घेतला ना तो. आमची आई साखर उसनी आणती,
तर परत देताना वाटी शिगोशीग भरती."

वहीत या जागी लिहिलेलं होतं: शाब्बास.
मी म्हणाले, गणितात परत नाही द्यायचा.
ती बसली नाही.
"मग घेतला म्हणा."

बाकी पंचवीस आली. बरोबर आली.
पण वर्ग बघत होता त्या चाराकडे,
ज्याला मी काट मारून तीन केलं होतं.
तनिष्काने पुढे येऊन उरलेल्या सुट्या काड्या गोळा केल्या,
माझ्याकडून रबर मागून घेतला,
दोन वेढे, तीन वेढे, तरी ढिलाच.
"अजून पाच लागतील," ती म्हणाली
आणि रबर परत दिला.
तास संपला.

शेरा: फलकलेखन सुवाच्य. साधने योग्य.
विषयांतर टाळावे. समारोप राहिला.
खाली सही, तिच्याखाली दुहेरी रेघ.

परतीच्या गाडीत सुवर्णा भलतीच खूश,
मुलांनी पाणी घालघालून तिचे वाल बुडवले होते.
कंडक्टरकडे सुटे नव्हते.
तिकिटामागे त्याने पेनाने पाच लिहिलं, गोल केला.
उतरताना घ्या.
मनगटावर रबर तसाच होता,
मी तो ताणत होते, सोडत होते.
नव्या टाचणात एक रकाना वाढवायचाय,
त्याला मथळा काय द्यावा ते सुचेना.

अशोकस्तंभाला सगळेच एकदम उठले.
मी तिकीट पुढे केलं. त्याने बॅग चाचपली,
गुंडाळी फळ्याकडे पाहिलं.
"उद्या याच गाडीला देतो, बाई."
बाहेरच्या कोणी मला बाई म्हणायची ही पहिलीच वेळ.
उद्या माझा पाठ नाही, मी म्हटलं.
परवा.