शेंगांचं पाणी

बोल्गातांगाहून निघालो तेव्हा साडेपाच झाले होते
आणि अतांगाच्या व्हॅनचं मागचं दार
दोरीनं बांधलेलं.
"उघडलं तर ओरडा," तो म्हणाला,
"पण मी थांबेनच असं नाही."

हरमटानचे दिवस. सूर्य वर आला
तो पिठात घोळवलेल्या उंड्यासारखा.
माझ्या मांडीवर यादी : चार ठिकाणं, एक दिवस,
प्रत्येकापुढे एक चौकोन, खूण करायला रिकामा.

पहिली शाळा मी फोटोत पाहिली होती.
मातीच्या विटा, आणि पत्रा
भिंतीपासून हातभर वर उचललेला,
कुणी आलं म्हणून टोपी काढावी तसा.
गरम हवा त्या फटीतून निघून जाते.
मी फट मोजली, ओसरी मोजली, सावली मोजली.
हेडमास्तर अवुनी माझ्या मागे मागे.
"वटवाघळं मोजलीत?"
वर पाहिलं. दोनशे तरी असतील.
तिसरीचा वर्ग आता आंब्याखाली भरतो.
"वरच्या वर्गाची हजेरी
आमच्यापेक्षा चांगली आहे," अवुनी म्हणाले,
हसले नाहीत.

दुसरीकडे वाचनालय. बक्षीस मिळालेलं.
कुलूप.
किल्लीवाला बाजाराला गेलेला, आणि इथला बाजार
दर तिसऱ्या दिवशी.
आम्ही जाळीला नाक लावून पुस्तकं पाहिली.
शेजारी एक मुलगा येऊन उभा राहिला,
त्यानंही नाक लावलं.
त्याची जागा ठरलेली होती.
तेवढीच तार गुळगुळीत झालेली.

मग वाटेत चवळीची गरम भजी, कागदात,
कागदावर कुणाचा तरी गणिताचा पेपर.
बावीस गुण. अतांगानं आधी पेपर तपासला,
मग भजी खाल्ली.

तिसरं ठिकाण आयिंपोकाचं घर.
वय विचारलं की ती नातवंडं मोजायला लागते.
गोल खोल्या, शेणमातीनं सारवलेल्या.
सारवणं, हा शब्द मी अतांगाला सांगितला,
त्यानं त्याचा गुरुने भाषेतला सांगितला.
दोघांचेही तळवे हवेत तेच करत होते.

लाल, काळा, पांढरा. फुटक्या भोपळ्याच्या खापऱ्या,
दारावरून जाणारा अजगर.
सगळ्यात शेवटी दवादवाच्या शेंगा उकळून
ते तपकिरी पाणी
गवताच्या केरसुणीनं भिंतीवर मारायचं.
तरीही दोन-तीन पावसाळ्यांत भिंत जाते.

पलीकडची भिंत मात्र चकचकीत.
कुठल्याशा संस्थेनं डबाबंद रंग दिलेला,
बारा वर्षांची हमी.
मी विचारलं, मग हीच बरी ना?
"बारा वर्षांची पोर आहे माझ्याकडे," ती म्हणाली.
"त्या भिंतीनं तिला काय शिकवलं, तिलाच विचारा."
तेनी आपले हात बघत राहिली.
स्वच्छ हात. नखाजवळ शाईचा ठिपका.

रात्री मात्र तेनी शिकवते
आणि आयिंपोका कंदिलाजवळ बसून चुका करते.
आज मला दाखवायला तिनं ओल्या लिंपणात
बोटानं नाव काढलं.
पहिलंच अक्षर उलटं पडलं :
टोक खाली, दोन पाय वर.
तेनी म्हणाली, चुकलं.
ती मागे सरली, मान तिरकी करून पाहिलं.
"गाय आहे. राहू दे."

मग केरसुणी माझ्या हातात.
मी मारलेलं पाणी ओघळलं.
"परत."
परत ओघळलं.
"परत," या वेळी तेनी म्हणाली,
आणि स्वतःच पुढे होऊन
तिनं माझं मनगट धरलं,
मग केरसुणीच घेतली.

चौथं ठिकाण राहिलं.
अंधारात कुठेतरी दार उघडलं,
धूळ आत आली, यादी बाहेर गेली,
मी ओरडलो.
अतांगा थांबला नाही.
आरशात माझी तपकिरी बोटं त्याला दिसली असावीत.
"आठवडाभरात जाईल तो डाग," तो म्हणाला.
मी बोटं हुंगली. गुळाच्या जवळचा काही वास,
थोडा धुराचा.
अहवालात एक रकाना आहे : टिकाऊपणा, वर्षांत.
तो मी अजून भरलेला नाही.